वेणी, गंगावन आणि टोप

डोंगरकड्यात आमच्या गल्लीतून अजूनही केसवाली फिरते. 'केसांवर भांडीऽऽ' अशी आरोळी ऐकू आली की अम्मी कोनाड्यात खोचून ठेवलेली केसांची गुंडाळी काढते. कंगव्यात निघालेले वर्षभराचे केस देऊन एखादी वाटी किंवा चहाची गाळणी मिळते. ते केस पुढे कुठं जातात, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला कधी पडला नव्हता. तो पडला भाचीमुळे.

अकरा वर्षांची पोर, कमरेखाली जाणारी वेणी. तिच्या वर्गातल्या एका मुलीवर मुंबईला टाटा हॉस्पिटलात उपचार झाले. ती परत आली तेव्हा डोक्याला रुमाल होता. भाचीनं घरी येऊन सांगितलं, "मामू, ती आता माझ्यासारखीच ओढणी घेते, पण तिला आवडत नाही." आठवड्यानं तिनं जाहीर केलं की वेणी कापून टोपासाठी द्यायची. अम्मी भडकली. "बालां कायकू काटती गे? शादी कौन करतां तेरेसे?"

मला मात्र अम्मीच्या रागापेक्षा इतिहास आठवला. आपल्या महाराष्ट्रात बाईचे केस कापणं ही साधी गोष्ट कधीच नव्हती. ब्राह्मण आणि तत्सम जातींत नवरा मेला की बाईचं मुंडण व्हायचं. ते करणारा हात न्हाव्याचा, आज्ञा मात्र दुसऱ्यांची. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. लोखंडे सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी. पोट हातावर असलेल्या माणसांनी स्वतःच्या कमाईवर पाणी सोडून परक्या जातीतल्या बायकांसाठी घेतलेला हा निर्णय आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो दोन ओळींत उरकला जातो, याचं मला वाईट वाटतं. पुढे महर्षी कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगाव निधी मागत फिरणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी वपन थांबवून केस वाढवले, तेव्हा त्यांनाही बरंच ऐकून घ्यावं लागलं. म्हणजे केस कापले तरी समाजाच्या हुकमानं, वाढवले तरी समाजाला विचारून. इथं एक पोर स्वतःहून कापायचं म्हणत होती.

आता आमच्या बाजूचा पेच. बहिणीनं मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, माणसाचा केस दुसऱ्या माणसाला जोडणं जायज नाही. हे त्यांनी मनानं सांगितलेलं नव्हतं. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे. एका अन्सारी बाईच्या मुलीचे आजारपणात केस गळाले होते, लग्न ठरलेलं होतं, केस जोडू का असं आईनं विचारलं, आणि नकार मिळाला. आपण ज्याला गंगावन म्हणतो तेच हे. आजारी मुलीचाच दाखला असल्यामुळे ही हदीस बाजूला सारून पुढे जाता येत नाही. हनफी फिकहात माणसाच्या केसाला मनाई आहे ती मानवी देहाच्या इज्जतीपोटी. लोकर किंवा जनावराच्या केसांना तिथं मुभा सापडते.

पण परंपरेत दुसरंही एक माणूस उभं आहे. अरफजा इब्न असअद यांचं नाक लढाईत कापलं गेलं. त्यांनी चांदीचं बसवलं, त्याला वास येऊ लागला, तेव्हा पैगंबरांनी सोन्याचं बसवायला सांगितलं. पुरुषांना एरवी सोनं वर्ज्य असताना! याच आधारावर काही आलिम नटण्यासाठी केस जोडणं आणि व्यंग झाकणं यांत फरक करतात. मला हा फरक पटतो. बहिणीला दोन्ही मतं सांगितली आणि ठरवणं तिच्यावर सोडलं.

केसांबाबतचा हा पेच आपल्यापुरताच नाही. 2004 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सनातनी ज्यू बायकांनी आपले महागडे टोप रस्त्यावर जाळले. ते केस तिरुपतीच्या मुंडणातून आलेले, म्हणजे मूर्तिपूजेशी जोडलेले, असा निवाडा त्यांच्या धर्मगुरूंनी दिला होता. आमच्या गल्लीतली वाटी आणि ब्रुकलिनची होळी एकाच बाजाराची दोन टोकं.

वर्गातल्या मुलीचे केस गेले कशानं, तेही भाचीला सांगितलं. 1947 साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना अमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली. ते औषध तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. नंतर डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं आली. भराभर वाढणाऱ्या पेशी मारणं हे त्यांचं काम, आणि केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही भराभर वाढतात. त्यांना आपलं-परकं कळत नाही. उपचार संपले की बहुतेकदा केस परत येतात, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. वेणीएवढे व्हायला किती वर्षं लागतील याचं गणित तिनंच केलं आणि गप्प झाली.

मुंबईत मदत ट्रस्टच्या 'कोप विथ कॅन्सर'सारख्या संस्था दानाचे केस घेऊन रुग्णांसाठी टोप करून घेतात. एका टोपाला अनेक जणींच्या वेण्या लागतात. केस जाळीवर आकड्यानं थोडेथोडे गाठवतात, म्हणून लांबी साधारण बारा इंच हवी, केस कोरडे हवेत, कापण्याआधी वेणी दोन्हीकडून बांधलेली हवी. जमिनीवरून गोळा केलेले चालत नाहीत, मुळं-टोकं उलटसुलट झाली की गुंता होतो. नांदेडला कापायला नेलं तेव्हा पार्लरवाली मुलगी दोनदा म्हणाली, "ताई, विचार केला ना?" तिला वाटलं बहिणीनं जबरदस्ती केली.

पाकीट पोस्टात टाकायला अम्मी स्वतः माझ्याबरोबर आली. पोस्टातल्या काट्यावर ते 110 ग्रॅम भरलं. अम्मीनं आकडा पुन्हा विचारला. आमच्यात अकीक्याला सातव्या दिवशी बाळाचं जावळ काढतात, ते तोलून तेवढी चांदी खैरात करतात. हजरत फातिमांनी हसनच्या वेळी असंच केल्याची रिवायत आहे. या भाचीचं जावळ अम्मीनंच सोनाराकडे तोलून आणलं होतं, ते एक ग्रॅमसुद्धा भरलं नव्हतं.

घरी येताना अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इत्ती चांदी? उसके बाप कू बोल, अब्बी से जमा कर."