सन्मानाचा धागा : पदवीवेश आणि वर्ध्याची नयी तालीम

अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या पदवीदान समारंभात गुणवंत विद्यार्थी झग्यावर रंगीत सन्मानदोर परिधान करतात. दोराचा रंग प्रावीण्य वा सेवा दर्शवितो. या झग्याचे मूळ मध्ययुगीन युरोपातील धर्मगुरूंच्या वेशात आहे. भारतात तो १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठांबरोबर रुजला.

वर्ध्यात मात्र धाग्याला निराळा अर्थ लाभला. २२-२३ ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने सात वर्षांच्या, मातृभाषेतील, हस्तोद्योगकेंद्री शिक्षणाची योजना मांडली. सेवाग्राम येथे आर्यनायकम व आशादेवी यांनी ती राबविली. तेथे विद्यार्थ्याने कातलेले सूत हे अध्ययनाचे साधन होते आणि त्याच्या कौशल्याचा पुरावाही होता. पुढे पवनार येथे १२ फेब्रुवारीस गांधीजींच्या स्मरणार्थ स्वहस्ते कातलेली सूतगुंडी अर्पण करण्याची सूतांजलीची प्रथा विनोबांच्या प्रेरणेने रूढ झाली.

२०१० मध्ये भोपाळच्या समारंभात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी वसाहतकालीन अवशेष म्हणून झगा उतरविला. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दीक्षान्त समारंभासाठी हातमागाच्या वस्त्रांचा आग्रह धरला. तथापि, केवळ वस्त्रबदलाने वर्ध्याचा विचार साकार होत नाही. सन्मानदोर कर्तृत्वाची खूण आहे. सेवाग्रामचे सूत हे प्रत्यक्ष कर्तृत्व होते. गणवेशाच्या चर्चेत हा भेद दुर्लक्षिला जाऊ नये.