पनवेलचा मुक्काम

परदेशातली क्रूझ धरायची म्हणजे आधी विमानांचं गणित सोडवावं लागतं. मधे कुठे उतरायचं, दोन विमानांत किती तास ठेवायचे, बोटीच्या आदल्या दिवशी बंदरावर पोहोचायचं की त्याच दिवशी? माझ्या भाचीने तर त्यासाठी वहीच केली आहे. (मी म्हणतो, आदल्या दिवशीच पोहोचा. बोट कुणासाठी थांबत नाही.)

बोटीसाठी थांबणं आमच्या पनवेलला नवं नाही. रेल्वे येण्यापूर्वी पुण्याहून मुंबईला जाणारे बोरघाट उतरून इथे येत आणि पुढे खाडीतून होडीने जात. १८३० साली घाटात गाडीरस्ता झाला, घाटापर्यंतची अडचण मिटली. खाडीची मात्र मिटली नाही. ती उथळ, ओहोटीला चिखलच चिखल. तेव्हा भरतीची वाट पाहायची. त्याचं वेळापत्रक पंचांगात असे: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा; पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. किनाऱ्यावरचे जुने लोक हा हिशेब अजून तोंडी करतात. एक भरती हुकली की पुढचे बारा तास पनवेलातच!

मग १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला आणि १८५६ मध्ये खोपोलीला पोहोचली. घाट उतरलेला माणूस खोपोलीलाच गाडीत बसू लागला. १८६३ मध्ये खुद्द बोरघाटातून रूळ गेले आणि पनवेल पार आडवाटेला पडलं.

आता तालुक्यातच, उलव्याजवळ, २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडतात. तिथे तिथी बघत नाहीत, पण दोन-तीन तास आधी या म्हणतातच.