लाल कोट, काळा गळपट्टा आणि माझी कवायत

मागच्या लेखावर भाचीने विचारलं होतं, "मामा, इंग्लंडबद्दल लिहिणार होतात, त्याचं काय झालं?" तर आज ते.

२०१५ साली मुलाकडे गेलो होतो तेव्हा एका रविवारी त्याने बंदरावर नेलं. तिथे हौशी मंडळींची कवायत चालू होती. पोशाख दोनशे वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश मरीनांचे, म्हणजे जहाजावरच्या शिपायांचे. लाल कोट, छातीवर पांढरे आडवे पट्टे, गोल काळी टोपी आणि गळ्याभोवती कातडी पट्टा. या पट्ट्याने हनुवटी आपोआप वर राहते. आमच्या एन.सी.सी.त "गर्दन सीधी" म्हणून घसा कोरडा व्हायचा, त्यावर त्यांनी केवढा सोपा (आणि दुष्ट!) उपाय काढला होता!

मी पंचवीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, शिवाय एन.सी.सी.ही सांभाळली. त्यामुळे माझी नजर पोशाखावर कमी आणि पायांवर जास्त. रांग बरी होती. वळताना दोघेजण अर्धा ताल मागे पडत होते. बंदुका मात्र त्यांनी झकास हाताळल्या. काडतुसाचा कागद दाताने फाडायचा, चिमूटभर दारू कानात, बाकीची नळीत, मग खांद्याला. खऱ्या लढाईत खांद्याला लावण्याआधी गोळी आत घालून गजाने ठासत. इथे गोळी नव्हतीच, आणि गजही काढत नव्हते. घाईत गज नळीतच राहिला तर तोच तीरासारखा सुटायचा, म्हणून. नेमही माणसांवर धरायचा नाही. तरबेज शिपाई मिनिटाला तीनेक बार काढी म्हणतात. या मंडळींचा एक बार होईस्तोवर माझा चहा संपला.

त्यांचा सार्जंट मुलाच्या ओळखीचा निघाला. बटणं, शिवण सगळं त्या काळाबरहुकूम असावं यासाठी जिवाचं रान करणारा. चष्मेसुद्धा काढायला लावले होते त्याने! (त्यामुळेच ते दोघे मागे पडत असतील.) मी त्याला मुलामार्फत विचारलं, "चुकलं तर काय करता?" तो हसून म्हणाला, "पुन्हा करतो. मग सगळे बिअर प्यायला जातो."

घरी आल्यावर ते उत्तर डोक्यातून जाईना, म्हणून वाचत बसलो.

१७५५ मध्ये मरीनांच्या पन्नास कंपन्या उभ्या राहिल्या, आरमाराच्या हुकमतीखाली. चॅथम, पोर्ट्समथ आणि प्लिमथ ही त्यांची ठाणी. जहाजावर त्यांचं बरंचसं आयुष्य दोर ओढण्यात जाई. डोलकाठीवर चढण्याची सक्ती तेवढी त्यांना नव्हती. कामाच्या वेळी ते खलाशांसारखेच साधे कपडे घालत, लाल कोट जपून ठेवत. कप्तानाच्या खोलीशी, दारूच्या कोठाराशी पहारा मरीनचा. त्यांची झोपायची जागाही खलाशी आणि अधिकारी यांच्या मधोमध. उगाच नव्हे. खलाशाला चाबकाचे फटके मारले जात तेव्हा हेच मरीन संगिनी लावून उभे असत. नियमाने कप्तानाला स्वतःच्या अधिकारात बाराच फटक्यांची मुभा होती, पण तो नियम सर्रास मोडला जाई. आणि मरीन चुकला तर त्याच्याही पाठीवर तोच चाबूक. म्हणजे ती रांग सरळ राहत होती ती शत्रूपेक्षा आपल्याच जहाजावरच्या माणसांसाठी! तरी १७९७ च्या स्पिटहेडच्या बंडात बरेच मरीन खलाशांच्याच बाजूला गेले. पुढे १८०२ मध्ये राजाने त्यांना 'रॉयल' म्हणवून घ्यायचा मान दिला.

लढाईत या रांगेचं काय होई, तेही सांगतो. २१ ऑक्टोबर १८०५, ट्रॅफल्गार. 'व्हिक्टरी'वर सुमारे दीडशे मरीन. मागच्या उंच डेकवर ते दाटीने उभे असताना तोफेच्या एकाच गोळ्याने आठजण पडले. तेव्हा नेल्सनने त्यांच्या कप्तान अडेरला हुकूम दिला, माणसं जहाजभर पांगवा. कवायत शिकवते खांद्याला खांदा लावून उभं राहायला, आणि तिथे जीव वाचवायचा तर रांग मोडावी लागली. अडेरही त्या दिवशी मेला. नेल्सनला गोळी लागल्यावर खाली नेणाऱ्यांत सार्जंट सेकर हा मरीनच होता.

असो. इतिहासाचा तास झाला, आता दुसरं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, हिलाही नाही.

१९८१ चा जानेवारी, सव्वीस तारखेच्या संचलनाची तालीम. एक मुलगा "दाहिने मुड" म्हटलं की हटकून डावीकडे वळायचा. पोरं हसली. मला वाटलं, ती मलाच हसली. मी त्याला रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीत तो कोसळला. पाणी मारल्यावर डोळे उघडून म्हणाला, "सर, पुन्हा करू?" आदल्या रात्रीपासून तो जेवला नव्हता, हे नंतर कळलं. सव्वीसला आमच्या पथकाला पहिलं बक्षीस मिळालं. तो पथकात नव्हता.

त्या सार्जंटकडे चाबूक नव्हता, म्हणून त्याची कवायत खोटी, असं मी बंदरावर मनात म्हणून गेलो होतो. मास्तरकी!

नातू तेव्हा अकरा वर्षांचा. त्याला हे सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "आजोबा, त्याचं नाव काय होतं?" मला आठवेना. दोन दिवस आठवत होतो. परतीच्या विमानात, जेवणाचा ट्रे समोर आला तेव्हा अचानक आठवलं, हजेरीच्या क्रमांकासकट. मुंबईत उतरल्यावर फोन करून नातवाला सांगितलं.