चहाची वाट आणि एक छायाचित्र

एखाद्या प्राचीन मार्गाचा इतिहास लिहावयाचा म्हटलें म्हणजे शिलालेख, ताम्रपट व दप्तरें यांकडे दृष्टि सहजच वळते. परंतु चीनच्या सिचुआन प्रांतांतून तिबेटांत जाणाऱ्या चहाच्या वाटेसंबंधानें एका छायाचित्राची साक्षही तितकीच मोलाची आहे, असें आम्हांस वाटतें.

तिबेटच्या थंड पठारावर चहा पिकत नाहीं. पण मीठ व लोणी घालून घुसळलेल्या चहावांचून तेथील लोकांचें चालत नाहीं. उलट चीनच्या बादशहांस लढायांकरितां घोडे हवे असत. या परस्पर गरजेंतून हा व्यापार वाढला, व सुंग राजवटींत इ. स. १०७४ च्या सुमारास त्यासाठीं सरकारी खातेंच उघडण्यांत आलें. घोड्यांची निकड पुढें संपली. चहाची संपली नाहीं.

याआनहून ताचिएन्लूपर्यंतची, म्हणजे आजच्या कांगडिंगपर्यंतची वाट इतकी बिकट होती कीं, दाबून विटा केलेला चहा पुष्कळसा माणसांच्या पाठीवरूनच जाई. पुढें तो कातड्यांत शिवून याक व खेचरें यांवर लादीत.

याच प्रांतांत १९०८ सालीं अर्नेस्ट विल्सन या इंग्रज वनस्पतिसंग्राहकानें दोन हमालांचें छायाचित्र घेतलें. हार्वर्ड विद्यापीठाच्या आर्नल्ड वृक्षोद्यानासाठीं तो झाडें व बीजें गोळा करीत होता. चित्रांत ओझ्यांचे थर डोक्यांच्याही वर गेलेले दिसतात. विल्सनच्या टिपणाप्रमाणें एक ओझें ३१७ रत्तलांचें व दुसरें २९८ रत्तलांचें होतें. म्हणजे सुमारें १४४ व १३५ किलो. तें घेऊन हे लोक दिवसाला ६ मैलांच्या आसपास चालत.

हमालांच्या हातांतील काठी केवळ आधाराची नव्हे. ओझें एकदां उतरविलें तर पुन्हां उचलणें कठीण. म्हणून उभ्याउभ्याच तें काठीवर टेकवून ते दम घेत. त्या काठ्यांच्या लोखंडी टोकांनीं पडलेले खळगे वाटेवरील दगडांत आजही दिसतात.

ओझ्यांचें वजन टिपलें गेलें. वाहणाऱ्यांचीं नांवें मात्र त्या टिपणांत नाहींत. १९५४ सालीं ल्हासापर्यंत मोटाररस्ता पूर्ण झाला आणि ही वाहतूक मागें पडली. या मार्गाचा इतिहास लिहिणारानें घोड्यांच्या व चहाच्या हिशेबाबरोबर या पाठींचाही हिशेब मांडला पाहिजे. त्याचीं साधनें थोडीं आहेत. तें छायाचित्र आणि ते खळगे त्यांपैकींच होत.