सामूहिक बेदरकार दुचाकीस्वारी

सामूहिक बेदरकार दुचाकीस्वारी म्हणजे दोन किंवा अधिक दुचाकीस्वारांनी सार्वजनिक रस्त्यावर एकत्र येऊन अतिवेगाने, परस्परांशी चढाओढ करीत किंवा कसरती करीत वाहने चालविणे. रस्त्यावरील बेकायदा शर्यती, एका चाकावर गाडी चालविणे (व्हीली), इतर वाहनांना 'कट' मारत नागमोडी जाणे, तिघे-चौघे बसून ताफ्याने फिरणे आणि सायलेन्सरमधून फटाक्यासारखे आवाज काढणे यांचा त्यात समावेश होतो. अशा स्वारीचा धोका भाग घेणाऱ्यांपुरता मर्यादित राहत नाही. पादचारी, सायकलस्वार व इतर वाहनचालक यांनाही त्याची झळ बसते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार हे कृत्य दंडनीय आहे.

स्वरूप

महाराष्ट्रात असे प्रकार मुख्यतः मोठ्या शहरांतील रुंद व सरळ रस्त्यांवर, रात्री उशिरा किंवा पहाटे आढळतात. मुंबईतील वांद्रे रेक्लमेशन, वांद्रे-कुर्ला संकुल व पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि नवी मुंबईतील पाम बीच मार्ग ही ठिकाणे या संदर्भात वारंवार चर्चेत आली आहेत. ३१ डिसेंबरची रात्र, धुळवड, सणांच्या रात्री, वाढदिवस आणि मिरवणुका या प्रसंगी ताफ्याने फिरण्याचे प्रमाण वाढते व पोलीस विशेष नाकाबंदी करतात.

२००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'धूम' या हिंदी चित्रपटात मुंबईतील रस्त्यांवर वेगवान मोटारसायकलींवरून फिरणारी दरोडेखोरांची टोळी दाखविली होती. त्यानंतर मराठी वृत्तपत्रांत भरधाव दुचाकीस्वारीसाठी 'धूम स्टाइल' हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढे समाजमाध्यमांमुळे कसरतींच्या चित्रफितींना मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला. त्याच चित्रफिती पोलिसांना पुरावा म्हणूनही उपयोगी पडू लागल्या. २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात दोन तरुणींना पुढे-मागे बसवून एका चाकावर दुचाकी चालविणाऱ्या तरुणाची चित्रफीत प्रसारित झाल्यावर पोलिसांनी गुन्हा नोंदविला.

गटाचा परिणाम

एकट्याने वाहन चालविताना पाळली जाणारी सावधगिरी गटात शिथिल होते. पुढच्याने लाल दिवा ओलांडला की मागचे थांबत नाहीत. मागे पडणे हा कमीपणा समजला जातो. मित्रांच्या आरोळ्या आणि मोबाइलवरील चित्रीकरण यांमुळे धोक्याला प्रोत्साहन मिळते. त्याच वेळी जबाबदारीची जाणीव अनेकांत विभागली जाते. अपघात मात्र सामायिक राहत नाही. जखमी होतो तो एखादाच, आणि गुन्हाही बहुधा प्रत्यक्ष धडक देणाऱ्यावरच नोंदविला जातो.

तांत्रिकदृष्ट्याही दाटीने जाणारा ताफा अधिक धोकादायक असतो. ताशी ६० किमी वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, असे धरल्यास कोरड्या रस्त्यावर ती पूर्ण थांबण्यास सुमारे ४५ मीटर लागतात. ताशी १०० किमी वेगाला हेच अंतर सुमारे १०० मीटर होते. वेग दुप्पट झाल्यास गतिज ऊर्जा चौपट होते, त्यामुळे आघातही अनेक पटींनी वाढतो. दोन दुचाकींमध्ये काही फुटांचेच अंतर असेल, तर पुढची घसरताच मागच्यांना सावरण्यास वेळ मिळत नाही. एका चाकावर गाडी चालविताना पुढचे चाक अधांतरी असल्याने दिशा बदलता येत नाही आणि सर्वाधिक परिणामकारक असा पुढचा ब्रेकही निरुपयोगी ठरतो.

परिणाम

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. मृतांपैकी ७४,८९७ जण, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होते, तर पादचारी ३२,८२५ होते. ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे घडलेल्या अपघातांत झाले. हेल्मेट न घातल्याने मृत्यू पावलेल्यांची संख्या ५०,०२९ नोंदविली गेली. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जणांनी रस्ते अपघातांत प्राण गमावले. हे आकडे सर्व प्रकारच्या अपघातांचे आहेत.

वाचलेल्यांपैकी अनेकांना मेंदूला किंवा मणक्याला झालेल्या दुखापतीमुळे कायमचे अपंगत्व येते. कमावत्या वयातील व्यक्ती अंथरुणाला खिळल्यास उत्पन्न थांबते आणि शुश्रूषेसाठी घरातील आणखी एकाला काम सोडावे लागते. विम्याचाही आधार डळमळीत होतो. शर्यत किंवा वेगचाचणीसाठी केलेला वाहनाचा वापर सामान्यतः विमा करारातून वगळलेला असतो. परवाना नसलेल्या चालकाच्या बाबतीत न्यायाधिकरणाने त्रयस्थ जखमीला भरपाई मंजूर केली, तरी ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा विमा कंपनीला मिळू शकते.

अतिवेगाचे परिणाम नियम पाळणाऱ्या दुचाकीस्वारांनाही भोगावे लागतात. दक्षिण मुंबईतील जे. जे. उड्डाणपुलाच्या वळणांवर झालेल्या अपघातांनंतर २०१० मध्ये तेथे दुचाकींना बंदी घालण्यात आली.

अंबरनाथ-बदलापूर परिसर

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग नागरी पट्ट्यात मोठ्या महानगरातील रुंद मार्ग थोडे आहेत. येथील प्रश्न वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यांचा आहे. कल्याण-बदलापूर रस्ता उल्हासनगर व अंबरनाथच्या दाट वस्तीतून जातो, तर काटई-बदलापूर रस्ता या पट्ट्याला कल्याण-शिळ मार्गाशी जोडतो. बदलापूर पूर्वेकडील शिरगावसारख्या उपनगरांत मूळ गावठाणाभोवती अल्पावधीत मोठी गृहसंकुले उभी राहिली. अशा भागांत शाळकरी मुले, रेल्वे स्थानकाकडे पायी जाणारे चाकरमानी, रिक्षा आणि दुचाकी यांना एकच रस्ता वापरावा लागतो. भरधाव ताफ्यासाठी थांबण्याचे पुरेसे अंतर येथे जवळजवळ कोठेच उपलब्ध नसते.

पावसाळ्यात कोंडेश्वर, बारवी धरण परिसर आणि कर्जतच्या दिशेने दुचाकींवरून जाणाऱ्या पर्यटकांची भर पडते. ओले व अरुंद रस्ते, खड्डे आणि वळणे यांमुळे या काळात गाडी घसरण्याचा धोका वाढतो. हा पट्टा ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येतो. वाहननोंदणी कल्याण येथील परिवहन कार्यालयात (एमएच-०५) होते. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय हे येथील प्रमुख शासकीय रुग्णालय आहे.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये करण्यात आलेल्या दुरुस्तीने शिक्षा कडक झाल्या. महाराष्ट्रात तडजोड शुल्काचे वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

• कलम १८९ – शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगचाचणी : ३ महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा गुन्हा केल्यास १ वर्षापर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शर्यतीस परवानगी देणाराही दोषी ठरतो.
• कलम १८४ – धोकादायक रीतीने वाहन चालविणे : पहिल्या गुन्ह्यासाठी ६ महिने ते १ वर्ष कारावास, १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.
• कलम १९४-क व १९४-ड – दुचाकीवर दोनपेक्षा अधिक व्यक्ती बसणे आणि हेल्मेट न वापरणे : प्रत्येकी १,००० रुपये दंड व ३ महिने परवाना अपात्रता.
• कलम १९९-अ – अल्पवयीनाने केलेला गुन्हा : पालक किंवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि संबंधित मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही.

बेदरकार वाहन चालविण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लागू होते. हयगयीने मृत्यू घडविल्यास कलम १०६(१) अन्वये ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परिणामांची जाणीव असूनही कृत्य केल्याचे सिद्ध झाल्यास सदोष मनुष्यवधाचे कलमही लावले जाते. वांद्र्यातील कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा मोटारीखाली मृत्यू झाला होता. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी कायम ठेवली.

अंमलबजावणी

पळणाऱ्या ताफ्याचा पाठलाग केल्यास नवा अपघात घडण्याची भीती असते. त्यामुळे सीसीटीव्ही चित्रण, ई-चलान आणि नंतर घरी जाऊन केलेली कारवाई यांवर भर दिला जातो. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले बदल केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडून नष्ट केले आहेत. कारवाई करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही धोका पत्करावा लागतो. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईतील खार येथे हेल्मेटविना दुचाकी चालविणाऱ्या अल्पवयीन मुलास अडविल्यानंतर झालेल्या हल्ल्यात वाहतूक पोलीस विलास शिंदे गंभीर जखमी झाले व ३१ ऑगस्ट रोजी त्यांचा मृत्यू झाला.

इतर देश

जपानमध्ये अशा टोळ्यांना 'बोसोझोकु' म्हणतात. १९८२ मध्ये त्यांच्या सदस्यांची संख्या ४२ हजारांवर पोहोचली होती. तेथे १९७८ च्या कायदादुरुस्तीने अनेक वाहनांनी मिळून धोका निर्माण करणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला. २००४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्यक्ष बाधित व्यक्तीच्या साक्षीची अटही राहिली नाही. मलेशियात अशा स्वारांना 'मत रेम्पित' असे संबोधले जाते. भारतीय मोटार वाहन अधिनियमात शर्यत वगळता सामूहिक स्वारीची अशी स्वतंत्र व्याख्या नाही. प्रत्येक चालकाचा दोष वेगळा सिद्ध करावा लागतो.

वैध पर्याय

गटाने दुचाकी चालविणे स्वतः बेकायदा नाही. शिस्तबद्ध मोटारसायकल क्लब पुढे व शेवटी अनुभवी चालक ठेवतात, जोडीने न जाता तिरप्या रांगेत जातात, किमान दोन सेकंदांचे अंतर राखतात आणि वेग गटातील सर्वांत नवख्या चालकानुसार ठरवितात. वेगाची स्पर्धा चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई व कोइम्बतूर येथील बंदिस्त धावमार्गांवर होते. तेथे वैद्यकीय पथक व संरक्षक पोशाख बंधनकारक असतो.

हेही पहा

• मोटार वाहन अधिनियम, १९८८
• हेल्मेट
• भारतातील रस्ते अपघात
• बदलापूर