कपलिंग (रेल्वेचे डबे जोडण्याची व सोडवण्याची यंत्रणा)

इंजिन आणि डबा, किंवा दोन डबे, एकमेकांना जोडून ठेवणारी व गरजेप्रमाणे सोडवता येणारी यंत्रणा म्हणजे कपलिंग. पुढची ओढ मागच्या डब्यापर्यंत पोचवायची आणि गाडी थांबताना-सुटताना बसणारे धक्के सोसायचे, ही तिची मुख्य कामे. कपलिंगची ताकद टनांत मोजतात. ते किती सुरक्षित आहे, हे मात्र एका प्रश्नावरून कळते : जोडताना किंवा सोडवताना माणसाला दोन डब्यांच्या मध्ये शिरावे लागते का? या नोंदीत कपलिंगचा प्रत्येक प्रकार याच प्रश्नावर तपासला आहे.

सर्वांत जुन्या व अजूनही टिकून असलेल्या प्रकारांपैकी एक म्हणजे स्क्रू कपलिंग. डब्याच्या मधोमध हूक असतो आणि दोन्ही बाजूंना बफर. हूकला लटकणारी जड कडी उचलून समोरच्या डब्याच्या हुकात अडकवायची आणि मधला दांडा फिरवत न्यायचा. दांड्याच्या एका अर्ध्यावर उजवे आटे आणि दुसऱ्यावर डावे असल्यामुळे तो फिरवला की दोन्ही बाजूंनी जोड आखडतो आणि बफर एकमेकांना दाबून बसतात. हे सगळे काम रुळांच्या मध्ये उभे राहून करावे लागते. इंजिन तेव्हा काही हातांवर उभे असते. इशारा चुकला आणि ते हलले, तर बफरांच्या मधून बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

युरोपातील मालवाहतूक आजही मुख्यतः याच कपलिंगवर चालते. तिथल्या वॅगनींवर हूक आणि बफर यांच्यामध्ये माणूस मावेल एवढी मोकळी जागा राखणे बंधनकारक आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे ठरलेल्या तांत्रिक नियमांवरून जर्मनीत तिला ‘बर्नर राउम’ म्हणतात. माणूस मध्ये जाणारच, हे गृहीत धरून केलेली ही तजवीज आहे. या पद्धतीचा आर्थिक भार लहान शाखामार्गांवर जास्त पडतो, कारण तिथे एकेक वॅगन काढावी व लावावी लागते. उदाहरणार्थ, जर्मनीतल्या बव्हेरियातील हेर्त्सोगेनआउराख हे आदिदास, पूमा आणि बेअरिंग बनवणारी शेफलर या कंपन्यांच्या मुख्यालयांचे गाव. एर्लांगेन-ब्रुकपासून आउराख नदीच्या खोऱ्यातून तिथवर १८९४ मध्ये शाखामार्ग सुरू झाला. १९८४ मध्ये त्यावरील प्रवासी वाहतूक थांबली आणि आज या उद्योगनगरीत आगगाडी येत नाही. अशा मार्गांच्या पीछेहाटीला मोटार आणि ट्रक यांची स्पर्धा कारणीभूत आहेच. पण ट्रक माल घेऊन थेट दारात उभा राहतो आणि वॅगन प्रत्येक यार्डात हाताने सोडवून पुन्हा जोडावी लागते, हा फरकही त्या स्पर्धेत महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेत आरंभी कडी आणि खिळ्याचे कपलिंग होते. डबे जवळ येत असताना कडी हाताने धरून नेमकी आत सारायची आणि वरून खिळा टाकायचा. त्यात ब्रेकमनची बोटे जात, कधी जीवही जाई. १८७३ मध्ये व्हर्जिनियाच्या ईलाय जॅनी यांनी नकल कपलरचे पेटंट घेतले. दोन हातांची वाकवलेली बोटे एकमेकांत अडकावीत तशी त्याची पकड असते. दोन्ही डब्यांच्या कपलरला खिळीवर फिरणारा एकेक जबडा असतो, त्याला नकल म्हणतात. निदान एक नकल उघडा ठेवून डबे टेकवले की तो आत वळतो आणि त्याच्यामागे कुलूप आपल्या वजनाने खाली पडते. सोडवताना डब्याच्या बाजूला उभे राहून हँडल फिरवायचे, म्हणजे कुलूप वर उचलले जाते. मात्र जोडावर ताण असेल तर कुलूप हलत नाही, म्हणून इंजिनाने आधी गाडी थोडी दाबून घ्यावी लागते. शोध लागला तरी कंपन्या खर्चाला तयार नव्हत्या. आयोवाचे लोरेन्झो कॉफिन यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १८९३ मध्ये स्वयंचलित कपलर व एअर ब्रेक सक्तीचे करणारा कायदा झाला. यंत्र तयार असूनही कायदा यायला वीस वर्षे लागली, हे कपलिंगच्या इतिहासातले सर्वांत दुःखद प्रकरण म्हणावे लागेल.

भारतात निळ्या आयसीएफ डब्यांना स्क्रू कपलिंग असे. मालगाड्यांत आणि जर्मन बनावटीवरून आलेल्या एलएचबी डब्यांत सेंटर बफर कपलर, म्हणजे नकलचाच प्रकार, वापरतात. पहिले एलएचबी डबे २००० मध्ये जर्मनीहून आले. जोड आपोआप लागत असल्यामुळे काम सोपे झाले, पण संपले नाही. एअर ब्रेकचे दोन होजपाइप हातानेच जोडावे लागतात : हिरवा ब्रेक पाइप, त्यात ५ किलो प्रति चौरस सेंमी. दाब, आणि पांढरा फीड पाइप, त्यात ६ किलो. सोडवताना आधी दोन्ही बाजूंचे अँगल कॉक (पाइपमधली हवा अडवणाऱ्या झडपा) बंद करायचे आणि मगच पाइप सोडायचे. विजेच्या केबलही हातानेच काढाव्या-लावाव्या लागतात. म्हणजे हे काम करणारा कर्मचारी, पॉइंट्समन, मध्ये जातोच. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधील बरौनी स्थानकात शंटिंगच्या वेळी इंजिन आणि डबा यांच्यामध्ये चिरडून एका रेल्वे कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. माणूस बाहेर आलेला डोळ्यांनी दिसल्याशिवाय इंजिन हलवायचे नाही, हा नियम म्हणूनच सर्वांत मोलाचा.

कपलिंगची खरी परीक्षा महाराष्ट्रात घाटावर होते. कसारा–इगतपुरी (थळ घाट) आणि कर्जत–लोणावळा (भोर घाट) या दोन्ही ठिकाणी चढ ३७ला १ आहे. १,००० टनांची गाडी या चढावर असेल, तर केवळ तिच्या वजनामुळे सुमारे २७ टनांची मागे ओढ निर्माण होते, घर्षण वेगळेच. सगळी इंजिने पुढे लावली तर हा सारा भार पहिल्या कपलिंगवर येईल. म्हणून कसारा आणि कर्जत येथे गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात. ती मागून ढकलतात, पुढचे इंजिन ओढते आणि जोडांवरील ताण विभागला जातो. इंजिन लागणे, हवा भरणे, ब्रेक तपासणे आणि घाटमाथ्यावर बँकर काढणे हे काम रात्रंदिवस, भर पावसात आणि धुक्यातही चालते. कसाऱ्याला गाडी ‘उगाच’ थांबली असे वाटणाऱ्या प्रवाशाने हे ध्यानात ठेवावे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुंबई–दिल्ली (मध्य रेल्वे) राजधानीला पुढे-मागे इंजिन जोडून बँकरची गरज संपवली गेली. फेब्रुवारी २०२३ पासून धावणाऱ्या सोलापूर आणि शिर्डी वंदे भारत गाड्याही बँकरशिवाय घाट चढतात, कारण त्यांची शक्ती अनेक डब्यांच्या चाकांत वाटलेली असते.

जोड सुटून गाडीचे दोन भाग होतात तेव्हा रेल्वेच्या भाषेत ‘गाडी तुटली’ म्हणतात. जुलै २०२४ मध्ये पंचवटी एक्स्प्रेस कसाऱ्याजवळ अशीच तुटली. अशा वेळी होजपाइप सुटून हवा निघून जाते आणि हवा गेली की दोन्ही भागांना आपोआप ब्रेक लागतो. एअर ब्रेकची रचनाच तशी आहे आणि कपलिंगच्या अपयशावरचा तोच शेवटचा भरवसा.

कार्ल शार्फेनबेर्ग यांनी १९०३ मध्ये जर्मनीत पेटंट घेतलेला कपलर मात्र वेगळ्या वाटेने गेला. यात जोड लागतानाच हवेचे मार्गही जुळतात आणि हवे तर विजेचे संपर्कही. मुंबईच्या लोकल गाड्यांत तो ‘शाकू’ कपलर म्हणून ओळखला जातो. लोकलच्या युनिटमधील डबे अर्धस्थायी जोडांनी बांधलेले असतात आणि ते कारशेडमध्येच उघडतात. इंजिन काढणे-लावणे नसल्यामुळे रोजच्या धावपळीत फलाटावर कुणाला डब्यांच्या मध्ये जावे लागत नाही.

मालगाड्यांसाठी युरोपाने आता हीच दिशा धरली आहे. सत्तरच्या दशकातील समान स्वयंचलित कपलरचा प्रयत्न फसला होता. जर्मनीत २०२० मध्ये डिजिटल स्वयंचलित कपलिंगच्या चाचण्यांचा प्रकल्प सुरू झाला आणि २०२१ मध्ये युरोपीय पातळीवर शार्फेनबेर्ग पद्धतीचा कपलर निवडला गेला. तो हवा, वीज आणि माहितीची तार एकाच वेळी जोडतो. अडचण पैशाची आणि संक्रमणाची आहे : सुमारे ५ लाख वॅगन बदलायच्या आहेत आणि नवा कपलर जुन्या हुकाशी सरळ जुळत नाही. भारतीय रेल्वेपुढे नकल कपलरचा पाया आधीच तयार आहे. उरले आहेत दोन होजपाइप आणि केबल. हे सारे आपोआप जुळेपर्यंत आपल्याकडचे कपलिंग अर्धेच सुरक्षित मानले पाहिजे.