दान गुप्त, हिशेब उघड : ख्रिस्ती जीवनातील नम्रता आणि स्वेच्छादान

प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही ख्रिस्ती उपवासकाळाची तीन अंगे मानली जातात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या या काळात ती विशेषत्वाने पाळण्याचा प्रघात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात या तिन्हींविषयीचा येशू ख्रिस्ताचा उपदेश एकत्र आला असून, तिन्ही ठिकाणी इशारा एकच आहे. लोकांनी पाहावे आणि वाहवा करावी, या हेतूने यांपैकी काहीही करू नये. दानाबाबत तर देणाऱ्याने ते स्वतःपासूनही जणू लपवावे, इतकी कडक अपेक्षा तेथे आहे.

दानाचे मोल कसे ठरवावे, हे मार्क व लूक यांनी नोंदवलेल्या दोन टोल्यांच्या प्रसंगातून स्पष्ट होते. यरुशलेमच्या मंदिरातील भांडारात धनवान मोठ्या रकमा टाकत होते. एका गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या आणि येशूने तिचेच दान सर्वांत मोठे ठरवले. इतरांनी शिलकीतून दिले होते. तिच्यापाशी मात्र काहीच शिल्लक उरले नव्हते. किती दिले यापेक्षा देऊन काय उरले, हा हिशेब ख्रिस्ती विचारात तेव्हापासून रुजला.

सक्ती नव्हे, स्वेच्छा

जुन्या करारात उत्पन्नाच्या दशांशाचा नियम आहे. प्रेषित पौलाने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी मासेदोनिया, अखया इत्यादी प्रांतांतून निधी गोळा केला, तेव्हा मात्र कोणताही आकडा ठरवून दिला नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवे व नववे अध्याय याच निधीविषयी आहेत. आपण आज्ञा करीत नाही, हे तो प्रारंभीच स्पष्ट करतो. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे आणि आनंदाने द्यावे, ऐपतीप्रमाणे द्यावे. इतरांना सुख व आपल्याला ओढाताण असा हेतू नसून दोहोंत समता यावी, असे त्याचे म्हणणे आहे.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील हनन्या व सप्पीरा यांची कथाही याच दृष्टीने वाचावी लागते. जमीन विकून आलेल्या पैशातील काही भाग या दांपत्याने मागे ठेवला. त्यासाठी त्यांना दोष दिलेला नाही. जमीन त्यांची होती आणि पैसाही त्यांचाच होता, हे पेत्र बोलून दाखवतो. सर्वस्व दिल्याचा देखावा करणे हा त्यांचा अपराध होता. कमी देण्यापेक्षा खोटा मोठेपणा मिरवणे येथे अधिक गंभीर ठरले आहे.

नम्रतेचे मूळ

तत्कालीन ग्रीक-रोमन नगरांत दात्याचे नाव शिलालेखांवर कोरले जाई आणि घेणारा त्याचा मिंधा होई. या रीतीला ख्रिस्ती शिकवणुकीने वेगळे वळण दिले. ख्रिस्ताने ईश्वरी वैभव सोडून दासाचे रूप घेतले, या श्रद्धेवर फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील नम्रतेची शिकवण आधारलेली आहे. मुळात जे आहे ते आपल्याला मिळालेले आहे. मग देताना उपकाराची भाषा कशाला, हा त्याचा मथितार्थ. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले. त्या स्मरणार्थ पवित्र गुरुवारी अनेक चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला होता.

देणाऱ्याने गुप्त राहावे याचा अर्थ पैशाचा व्यवहार गुप्त ठेवावा असा नाही. यरुशलेमचा निधी नेताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूसही पाठवला. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट ठेवू नये, देवासमोर तसेच माणसांसमोरही व्यवहार चोख असावा, हे कारण त्याने पत्रात नमूद केले आहे.

टिळकांचा त्याग, लक्ष्मीबाईंचा संसार

महाराष्ट्रात या विचाराचे ठळक उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861-1919). 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि ‘देवाचा दरबार’ हा उपक्रम सुरू केला. मिशनच्या पगारावर विसंबलेली मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहावी, ही त्यांची तळमळ होती.

या औदार्याची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचावयास मिळते. घरात उद्याची तजवीज असो वा नसो, टिळकांचा देता हात थांबत नसे आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. एकाच्या स्वेच्छेची किंमत दुसऱ्याने मोजावी काय, हा प्रश्न त्या वाचनातून उभा राहतो. पौलाने सांगितलेली समता घराच्या उंबरठ्याच्या आतही लागू होते, एवढे म्हणता येईल.

चिमूटभर नव्हे, मूठभर

मिझोराममधील प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती स्त्रियांनी 1910 मध्ये सुरू केलेली ‘बुहफाई थाम’ ही प्रथा या संदर्भात लक्षणीय आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायची. साठलेले तांदूळ मंडळीतील स्त्रिया गोळा करतात आणि त्यांच्या विक्रीतून येणारा पैसा धर्मकार्यासाठी वापरला जातो. ज्यांच्या हाती रोख पैसा नव्हता, त्या गृहिणींनाही या प्रथेने दात्या बनवले. हे देणे चुलीपाशी घडते. तेथे टाळ्या वाजवणारे कोणी नसते. शिवाय ती मूठ घरातील सर्वांच्याच ताटातून थोडी थोडी कमी झालेली असते.

दोन टोल्या असोत की मूठभर तांदूळ, अशा दानाला तीन कसोट्या लागू होतात : देणाऱ्यावर सक्ती नसावी, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये आणि ज्यांच्या हाती दान सोपवले त्यांनी हिशेब द्यावा. दशांशाचा तगादा लावणाऱ्यांनी आणि देणगीदारांच्या नावांच्या पाट्या लावणाऱ्यांनीही या कसोट्या एकदा स्वतःला लावून पाहाव्यात.